शेळीच्या पोटाची रेघ

...आणि वरनं मलाच म्हणतात, काका, रेघ साफ पाहिजे! साफ म्हणजे काय हो? धुऊन आणू? साबण लावू? रेघ काढणारं माणूस निघून गेलं, आता त्या माणसाची रेघ मी साफ करून कुठनं आणू, तुम्हीच सांगा.

थांबा, असं मधनंच सांगितलं तर तुम्हाला काय कळणार. माझं हे असंच होतं, डोकं आधी तापतं आणि गोष्ट मागनं येते. तर तुम्हाला सांगतो, माझी पिठाची गिरणी. तीस वर्षं झाली. गिरणीत बोलायचं म्हणजे बोंबलायचं, पट्टा फिरतोय, दगड घरघरतोय, "जाड दळू की बारीक" एवढं विचारायला गावाला ऐकू जाईल असं ओरडावं लागतं, आणि मग घरी आलं तरी आवाज काय खाली येत नाही... माझा गळा काय मोटार आहे, बटण दाबलं की बंद व्हायला? गेटसुद्धा मी कधी लावलं नाही, आपटलं. आमची ही म्हणायची, "अहो, हळू लावा की ते गेट, बिजागरी काय वैरीण आहे का तुमची?" रोज म्हणायची. पण त्याच आवाजावर चहाचं आधण ठेवायची. गेट वाजलं म्हणजे मी आलो. आठ घरं पलीकडं कळायचं, मी आलो.

ती गेल्या वर्षी गेली. तीन आठवडे दवाखान्यात होती आणि गेली. त्यावर मी जास्त बोलत नाही, बोलायला लागलं की मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेच ठरत नाही.

तर तिनं काढलेली एक शेळी होती. तुम्ही म्हणाल, चित्रकार होती का? कसली चित्रकार! चौथीपर्यंत शाळा, माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त, आणि त्या दोन यत्तांवर तिनं मला जन्मभर ऐकवलं. पण गिऱ्हाईक नसलं की गिरणीतल्या टेबलाशी बसायची आणि कॅलेंडरच्या पाठीवर सुताराच्या पेन्सिलीनं जनावरं काढायची. ही शेळी आमचीच. एक शिंग वाकडं, शेपूट वर, आणि तोंडावर भाव असा, जशी काय गिरणी तिच्याच नावावर आहे. पाठ, शेपूट, पाय, दाढी, सगळं एका रेघेत, पेन्सिल न उचलता. म्हणायची, "नवं गेट कराल तेव्हा त्याच्यावर ही घ्या." मी म्हणायचो, लोक हसतील. सहा वर्षं तो कागद गिरणीत खिळ्याला लटकला, पीठ बसून बसून काळ्या रेघेची शेळी पांढरी व्हायला आली, पण लोक हसतील म्हणून मी काय ती गेटवर नेली नाही.

या वर्षी बिजागरीनं जीव सोडला. सोडणारच, तीस वर्षं आपटलं तिला. म्हणलं, आता गेट नवं आणि शेळी त्याच्यावर, हसू दे कोण हसतंय ते. गेलो त्या पत्रा कापायच्या कारखान्यात. तिथं म्हणे कॉम्प्युटरवर रेघ काढायची, मग मशीन त्या रेघेवरनं उजेडाच्या धारेनं पत्रा कापतं, कापड कापल्यासारखं. कॉम्प्युटरपाशी एक चष्मेवाल्या बाई. माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांच्यासमोर कागद ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, कागद झटकला, शिंकल्या, आणि पहिलं वाक्य काय? "काका, रेघ साफ पाहिजे."

मग त्यांनी कागदाचा फोटो घेतला, एक बटण दाबलं, म्हणे झाली. काय झाली? मोठं करून दाखवलं तर शेळीच्या अंगावर टिंबंच टिंबं, गोवर उठल्यासारखी! दोन हजार चारशे टिंबं. पिठाचा कण न् कण त्या यंत्रानं शेळीत धरला. म्हणलं बाई, मी शेळी आणली होती, तुम्ही दळण मोजताय. मग त्यांनी दुसरं बटण दाबलं. टिंबं वीस राहिली आणि शेळी कशी झाली? तर दुधाच्या पिशवीवर असते तशी. गुळगुळीत. शेपूट खाली, शिंगं जुळी, तोंडावर भाव काय, तर या, बसा, पाणी घ्या! अहो, आमची शेळी आल्यागेल्याला ढुशी मारायची. ही कुणाची सून उचलून आणली तुम्ही?

बाई म्हणाल्या, मशीनला थरथर चालत नाही, पत्र्याला करवतीसारखे दात पडतात, हात कापेल कुणाचा. मी म्हणलं, शेपूट वर पाहिजे. त्यांनी वर केलं. म्हणलं, एवढं नाही. खाली केलं. म्हणलं, आता मेलेल्या शेळीचं वाटतंय... शेवटी बाई उठल्या. त्याही काही गरीब नव्हत्या हो. खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "या. बसा. तुम्हीच काढा."

आता मी काय मागं सरतोय? बसलो.

तुम्हाला सांगतो, साठ किलोचं पोतं मी या हातानं उचललंय, पण तो माऊस काय हातात येईना. धरला की तळहातात हरवायचा. बाईंनी शिकवलं, फोटो खाली ठेवायचा, त्याच्यावर हे पेन घ्यायचं आणि टिंब, टिंब, टिंब. दोन टिंबांत रेघ आपोआप ताणली जाते. मला वाटलं, एवढंच? मी दिली लावून टिंबं, बी पेरल्यासारखी. बाई म्हणाल्या, पुसा. जितकी टिंबं कमी तितकी रेघ साफ, रेघ जिथं वळते तिथंच टिंब द्या, उगाच नाही. आणि टिंबाला काय असतं माहितीये? मिशा! दोन मिशा असतात, एक इकडं, एक तिकडं. मिशी ओढली की रेघ फुगते. मी डावीकडचं वळण नीट करायला डावी मिशी ओढली तर उजवीकडचं बिघडलं. म्हणलं, हा काय प्रकार? बाई म्हणाल्या, दोन्ही बांधलेल्या असतात. म्हणलं, आमच्या घरातलंच झालं हे, मी गिऱ्हाइकावर ओरडायचो आणि ती आत गप्प व्हायची.

अकरा दिवस. दुपारी गिरणीला कुलूप आणि मी कारखान्यात. लोक पिठाविना बसले. पहिल्या दिवशी एक शिंग झालं. दुसऱ्या दिवशी तेच पुसलं. रागाच्या भरात मी माऊस आपटला तर शेळीला पाचवा पाय फुटला! बाईंनी नवीन माऊस जोडला आणि म्हणाल्या, काका, रेघ साफ पाहिजे.

पण एक सांगू का... मोठं करून बघता बघता मला ती रेघ वाचता यायला लागली. दोन यत्तांचा माणूस मी, पाटी नीट वाचत नाही, पण ती रेघ वाचली. पाठीवरची रेघ कशी, तर सरळ, मऊ, एका दमात. आणि शेपटीपासनं पुढं सगळी थरथरलेली. बाईंनी विचारलं, काकूंचा हात कापायचा का? म्हणलं नाही हो, तिचा हात कसला कापतोय, सुईत दोरा ओवून द्यायची मला एका झटक्यात. मग मला कळलं. टेबल गिरणीला लागून आहे. गिरणी चालू झाली की टेबल थरथरतं. पाठ काढली तेव्हा वीज गेलेली असणार. मग वीज आली, मी गिरणी चालू केली, आणि तिथनं पुढं शेळीला कापरं भरलं. ती थरथर म्हणजे मीच की हो! बाई म्हणाल्या, मग ती पुसून टाकू. मी म्हणलं, हात लावायचा नाही. शेवटी भांडून भांडून मधला मार्ग काढला, बारीक थरथर जाईल, मोठी राहील, पत्र्याला दात पडणार नाहीत. ती मोठी थरथर मी एक एक वळण करून बसवली, मिशा ओढून ओढून. कमी टिंबांत. बाई म्हणाल्या, काका, रेघ साफ आली हो. मला उगाचच नाकात पीठ गेल्यासारखं झालं.

आता ऐका. बाराव्या दिवशी बाईंनी तपासणीचं बटण दाबलं तर शेळीच्या पोटाखाली लाल गोल. म्हणे, इथं रेघ उघडी आहे.

मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासनं माहीत होतं. कागदावर नखाएवढी जागा, गेटच्या मापात चार बोटं. शेळीचं पोट तिथं पूर्ण झालं नव्हतं. बाई विचारायला लागल्या, "हे राहिलंय का असंच आहे? कारण काका, कापताना..." आणि मी त्यांना पुढं बोलूच दिलं नाही. मी बोंबललो. म्हणलं, राहिलंय, जोडायचं, मला शिकवू नका, तुम्हीच म्हणता ना रेघ साफ पाहिजे, मग उघडी कशी ठेवताय? गेट सगळ्या जगाला दिसतं की! सगळा कारखाना बघायला लागला. बाई म्हणाल्या, "तुमची मर्जी." मी स्वतः एक टिंब धरलं, दुसऱ्यावर नेलं, सोडलं. टचकन जोडलं गेलं. लाल गोल गेला. इतकं सोपं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, जसं काय तिथं कधी काही झालंच नव्हतं.

पत्रा मशीनवर चढला. ठिणगी निघाली, पाठ कापली, शेपूट कापलं, वाकडं शिंग, दाढी, पुढचा पाय... मी काचेला नाक लावून. पोटापाशी आली, जिथं मी जोडलं होतं तिथं आली, रेघेला रेघ मिळाली आणि...

ठण्ण.

शेळी खाली पडली. अहो, खाली! पत्र्यात शेळीच्या आकाराचं भोक, आणि शेळी मशीनच्या पोटात, भंगारात. चारी बाजूंनी रेघ बंद केली तर मधलं कशाला लटकून राहील? लहान पोराला कळेल. मला कळलं नाही. मी त्या भोकातनं पलीकडची भिंत बघत उभा राहिलो.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी तेच सांगत होते, काका. काकूंनी सोडली होती ना जागा, तीच धरून राहिली असती शेळीला."

म्हणलं, "तिनं नाही सोडली, बाई. मी सोडायला लावली."

मग सांगितलं त्यांना. कुणाला सांगितलं नव्हतं. पोटाची रेघ जुळतच आली होती, नखभर राहिली होती, आणि दारात गिऱ्हाईक आलं. मी गिरणीच्या आवाजावरनं ओरडलो, त्या माणसादेखत, शेळ्या काय काढत बसलीस, डबा कोण तुझा बाप उचलणार? ती उठली. पेन्सिल कानामागं खोचली. डबा उचलला. "राहिलं, करते नंतर," एवढंच म्हणाली. तिचा बाप वारून तेव्हा महिना झाला होता. पुन्हा तिनं त्या कागदाला पेन्सिल लावली नाही, आणि मीही ती होती तोवर कधी म्हणलं नाही, की अगं, पूर्ण कर ती.

बाईंनी चष्मा पुसला. मग दुसरी कसली तरी कात्री असते त्या कॉम्प्युटरात, ती काढून दिली आणि माऊस माझ्याकडं सरकवला. "जोडलंत तुम्ही, तोडा तुम्हीच." बरोबर त्या दोन टिंबांवर तोडलं. चार बोटं जागा. होती तशी.

दुसरा पत्रा कापला. शेळी राहिली. गेट बसलं. पहिली पडलेली शेळी गिरणीत टेबलाला टेकवून ठेवलीय, दळण चालू असलं की तीही थरथरते. गेटवरची वारा आला की हलते, पोटाखालच्या चार बोटांवर सगळा भार. कुणी हसलं नाही हो. कुणीच नाही. सहा वर्षं उगाच भ्यालो.

फक्त जाताना बाईंनी बजावलं, "काका, गेट आपटू नका. त्या चार बोटांवरनं तुटेल ती."

ऐका म्हणजे झालं! तीस वर्षं एक बाई घसा कोरडा करून सांगत होती, तिचं ऐकलं नाही, आणि आता पत्र्याच्या शेळीसाठी गेट लावतोय दोन्ही हातांनी, पाळण्याला हात लावावा तसं. कडीसुद्धा बोटानं सरकवतो. परवा शेजारी विचारत होता, "अहो, हल्ली तुमचं गेट वाजत नाही, तुम्ही घरी आलात की नाही तेच कळत नाही."

म्हणलं, मला तरी कुठं कळतंय.