दात आवळू नका, बाबा

— नाही बाबा, बोलायचं नाही. मानही हलवायची नाही. डोळे मिटून पडून राहा, डोक्याला चिकटवलेल्या या तारा बाकीचं बघतील. कपडे शिवता शिवता तुम्ही दोनदा चक्कर येऊन पडलात, ते का, हे डॉक्टरांना या रेषांवरूनच कळायचंय, आणि ते दुपारी येणार आहेत. आता मेंदूची वीज असते केवढी, तर मुंगीच्या कुजबुजीएवढी — आणि पापणी नुसती हलली तरी पडद्यावर डोंगर. दात आवळले की काटेरी झुडूप. तेच झुडूप आलंय सगळीकडे, हे बघा — नाही, बघू नका.

काळजी नको, हा गोंगाट निवडून काढायचा प्रोग्राम मीच लिहिलाय, तिकडे परदेशात नोकरीत दुसरं केलं काय मी? आपल्या माणसांनी पुतळ्यासारखं का पडायचं — खोकावं, कूस बदलावी, मशीन सांभाळून घेईल. थांबा, लावते. झालं. एकदम स्वच्छ. फारच स्वच्छ. बाबा, यानं तुमचा मेंदूच काढून टाकला. सगळाच गोंगाट आहे म्हणतोय. आईचं मत तेच आहे म्हणा, पण तिच्याकडे मशीन नाही. हसू नका, गाल दिसतायत इथे. तिकडच्या शांत पोरांवर शिकलाय तो, तुमच्यासारखा शिंपी त्यानं पाहिलाय कुठे?

बरं, राहू दे तो. तुम्हीच जबडा सैल सोडा. जन्मभर ओठांत टाचण्या धरून शिवलंत, सवय आहे, कळतं मला, पण आत्ता तोंडात टाचणी नाहीये. परवा माझी सुट्टी संपली की — हे बघा, पुन्हा झुडूप. मघाशी मशीन सुरू केल्या केल्या विमान म्हटलं, झुडूप. तिकडची खोली म्हटलं, झुडूप. मला वाटलं तारच सुटलीय, चार वेळा चिकटवली. अहो, सुट्टी कसली, सुट्टी नाहीच ही, नोकरी सोडून आलेय मी, इथेच राहायचंय, याच दवाखान्यात काम करायचंय, आईला सांगायचा धीर होत नाही म्हणून —

हे आत्ता सांगायचं नव्हतं.

बाबा? एकही काटा नाही. निवांत माणसाची असते ना, तशी लाट चाललीय, एकसारखी, तुमच्या सरळ शिलाईसारखी. नाही, बोलायचं नाही. असेच राहा. मीही आता जबडा सैल सोडते.