वाढव म्हणलं होतं

झुंबरबाई : ...अन् मंग मी त्याच्या गालात ठेवून देल्ली. भर बजारात. चोर म्हणलं त्याले.

रेवती : प्रज्वलले? मावशी, सख्ख्या पोराले?

झुंबरबाई : सख्खा असंन त्याच्या घरी. गाळ्यासाठी मी बांगड्या इकून इकून पैसा जमवला, त्यानंच तो फोनात ठेवाले लावला. म्हणे, अर्ध्याचे नाणे घेऊन ठेवू, अर्धा रोकडा तसाच खात्यात राहू देऊ. आज सकाळी पाह्यलं तं रोकडा सफाचट. अन् फोन उघडाचे आकडे आम्हा दोघायलेच माहीत.

रेवती : तो काय म्हणला?

झुंबरबाई : म्हणला, माय, मी हात बी नाही लावला. अन् पिशवी उचलून यष्टी स्टँडावर गेला. म्हणे, आता अकोल्यालेच राह्यतो. राय म्हणलं. बांगड्यांच्या पाटीवर टोपलं झाकून मी घरी आली, अन् तुले बलावलं. तू बुलढाण्यात कंप्युटरवर बसते, तुले समजते. त्यानं काय घेतलं, काय इकलं, सारं काढ. त्याच्या मामापुढं ठेवीन मी.

रेवती : आण इकडं. हं, हे ते क्रिप्टो नाण्यांचं ॲप. अन् हा बोलणारा मदतनीस कोणं जोडला याले?

झुंबरबाई : त्यानंच. म्हणे, तुले लिहिता येत नाही, तं नुसतं बोलत जाय. हाच आतमध्ये जाऊन पाह्यते, हाच सौदे करते. लय गोड बोलते मेला.

रेवती : मंग विचार त्यालेच.

झुंबरबाई : ए, आयकतं काय? शेवटचे सौदे काय काय झाले ते सांग.

फोन : नमस्कार, झुंबरबाई. या नाण्याचे अगदी अलीकडचे सौदे मी काढले आहेत. गेल्या एका मिनिटात चारशेहून अधिक सौदे झाले. त्यांत विक्री जास्त आहे.

झुंबरबाई : चारशे? रेवते, हा पोरगा स्टँडावर बसून बी इकून राह्यला काय?

रेवती : थांब, थांब. हे साऱ्या दुनियेचे सौदे आहेत. आठवडी बजारात मधोमध उभं राहून विचारलं, आत्ता काय इकलं, तं सारेच दुकानदार सांगतीन ना? तसं झालं हे. आपलं वेगळं विचारा लागते. ऐक रे, फक्त या खात्यातले सौदे काढ. या आठवड्यातले.

फोन : या आठवड्यात या खात्यात एकच सौदा आहे. खरेदी. काल संध्याकाळी शिल्लक असलेल्या सगळ्या रुपयांची नाणी घेतली गेली. त्यानंतर रात्रीतून भाव निम्म्याहून खाली आला.

झुंबरबाई : पाह्य. मी काय म्हणत होती? सारे घातले नासक्यानं.

रेवती : काल सांजच्याले तो होता कुठी?

झुंबरबाई : जळगाव जामोदले. बांगड्यांचा माल आणाले गेला होता. उशिरा आला.

रेवती : अन् हा फोन?

झुंबरबाई : माह्यापाशी. पण त्याले काय, तो कुठूनही करत असंन.

रेवती : विचारून पाहू. हा सौदा कोणाच्या सांगण्यावरून केला?

फोन : सूचना याच फोनवरून, आवाजात मिळाली. शब्द असे आहेत : ‘आता वाढव बाप्पा सारं. देवाचं नाव घे अन् वाढव.’ मी विचारले, सगळे रुपये वापरून वाढवू का? उत्तर मिळाले, ‘हाव, सारं.’

(झुंबरबाई फोन खाली ठेवते.)

रेवती : मावशी. हे तू बोलली?

झुंबरबाई : म्याच बोलली. पण मी तं वाढव म्हणलं होतं. नाणे घे कुठी म्हणलं?

रेवती : वाढव म्हंजे?

झुंबरबाई : म्हंजे आवर. मिटव. गाळेवाल्याले आज पैसे द्यायचे होते, म्हणून म्हणलं, सारं गुंडाळ अन् रोकडा करून ठेव. आपल्यात दुकान बंद कर म्हणतेत काय कोणी? सांजच्याले दुकान वाढवतो आपण. दिवा वाढवतो. गिऱ्हाइकाच्या हातातली बांगडी फुटली, तं मी फुटली म्हणतो काय कधी? वाढली म्हणतो. चांगल्या कामाच्या वक्ती वंगाळ शब्द कसा काढू तोंडातून?

रेवती : त्याले ते नाही कळलं, मावशी. त्यानं खरंच वाढवलं.

झुंबरबाई : अन् विचारलं बी होतं मेल्यानं. मी हाव म्हणलं.

रेवती : बस इथं. पाणी देऊ का?

झुंबरबाई : नोको. तो सांगून राह्यला होता, माय, मी हात नाही लावला. मी त्याले दुसरं वाक्य बोलू नाही देल्लं.

फोन : तुमच्याकडे उरलेली नाणी आता विकू का?

झुंबरबाई : तू काही करू नोको. गप राय.

रेवती : पैशाचं मागून पाहू. उरलेले बी कमी नाहीत. मी माह्या फोनवरून प्रज्वलले लावते. गाडी सुटली नसंन अजून. वाजून राह्यला... मावशी, उचलला त्यानं. घे, बोल.

झुंबरबाई : नाही.

रेवती : काऊन? घे ना. तो ऐकून राह्यला.

झुंबरबाई : चोर काय मी त्याच्या कानात म्हणलं होतं? मंग खोटं निघालं, हे कानात सांगून कसं होईन? त्याले म्हण, बजारात ये. नाही आला तं त्याची मर्जी. मी चालली.

रेवती : अवो, तोंड तं पुसून घे. चहाचा घोट घे, मंग जाऊ.

झुंबरबाई : टाइम नाही, रेवती. बजार उठून राह्यला. ज्यायनं ऐकलं ते आपापल्या गावाले निघून गेले, तं मी कोणाले सांगू?