धुऱ्यावरचं औषध

माझं माहेर गंगाखेडाकडलं, अगदी गोदागंगेच्या कडंचं, आनि दिलं इकडं ताडकळसच्या बाजूला, तवापासून ह्या मातीतच हाय मी. तुमी इचारायलेत की नशेच्या धंद्याला कडक सजा असावी का न्हाई, ते सांगते, पर आधी घरचं सांगाया पायजे, न्हाई तर तुमाला उलगडा व्हायचा न्हाई.

माझा सासरा जनावराचं औषध करायचा, त्याच्यामागं माझे मालक करायले. आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हंजी बांधावर, हिरीजवळ, गांजाची दोन झाडं होती. दचकू नका. बैलाला ढाळ लागली की त्याचा पाला गुळात वाटून गोळा चारायचा, बैल दिवस मावळायच्या आत उभा. लोक लांबून जनावर घिऊन दारात यायचे, आनि कोनाकडून काई घ्यायचं न्हाई असा सासऱ्याचा नेम. घरात कोनी बिडीसुदीक वढली न्हाई, महादेवाची आन.

आनि त्याच घरातला माझा मारोती नशेनं गेला. काय सांगू तुमाला. परभनीला गाडीवर डायवर होता, स्टँडामागं एक जन गोळ्या इकायचा, त्याचं नाव मी घेत न्हाई. लेकरानं आधी जेवन सोडलं, मग बोलनं सोडलं, मला बघून मान खाली घालायचा, आनि एक दिवस तिथंच निजलेला सापडला तो उठलाच न्हाई. लय गुनाचं लेकरू होतं हो माझं.

मग मी ठान्यात गेले. पदर पसरला, म्हनले साहेब, इकनाऱ्याला उलटं टांगा, जलमभर आत घाला, गावं पालथी घाला पर ही नशा हुडकून काढा. साहेब भला मानूस, त्यानं ऐकलं. त्या इकनाऱ्याला धरलं, आनि आमच्या शिवारातबी पोलीस आले.

आता आमच्या मालकाचं बघा. पोलिसाला पानी दिलं, काय हुडकायलेत म्हनून इचारलं, ते म्हनले गांजा, तर हे म्हनतात कसे, तो तर आमच्याच धुऱ्यावर हाय की साहेब, चला दाखवतो, बैलाला लय गुनकारी. पुढं होऊन दाखवला! साहेब म्हनला, बाबा, तुमी हे बोलाया नको होतं, आता मला लिवावंच लागतं. झाडं मुळासकट उपटली आनि मालकाला गाडीत घातलं. सुक्यासंगं वलं जळतं म्हनतात, तसं झालं, आनि काडी वढनारी मीच. वकील म्हनतो ह्या कायद्यात जामीन लवकर होत न्हाई.

तर सजा नको म्हनते का मी? असं न्हाई बाबा. ज्याचं लेकरू गेलं त्यानंच सांगावं सजा काय असती. पर कायद्यानं गोळी इकनारा आनि बैलाला पाला चारनारा एकाच दावनीला बांधला, हे मला पटत न्हाई. आनि गोळ्या जो पेटीनं धाडतो, तो कुटं हाय? तो तर दावनीलाच न्हाई.

जेलातल्या मागल्या मुलाखतीला मालक म्हनले, तो हितंच हाय, माझ्याच बराकीत. मी म्हनले कोन? तर तोच, मारोतीला गोळ्या देनारा. तो सवताच गोळ्या खायचा म्हनं. आल्या आल्या कापरं भरलं, वकाया लागला, अंगावर घ्यायला कोनी काई दीना, तर ह्यांनी आपली चादर टाकली. मागून बोलता बोलता मारोतीचं नाव निघालं आनि त्यानं ह्यांचे पाय धरले. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हनले, त्याच्या नरडीचा घोट घ्यायचा सोडून चादर घालता? मालक म्हनले, अगं, ढाळ लागलेलं जनावर दारात आलं तर आपन इचारतो का, कोनाचं हाय म्हनून?

मी जायला उठले. निघताना मालक म्हनले, त्याला भेटाया कोनीच येत न्हाई, पुढल्या बारीला त्याचीबी खुशाली इचार.

आता सोमवारी जायचं हाय. रोज महादेवाम्होरं दिवा लावते, मालकाला सोडव म्हनते. मग त्या दुसऱ्याचं नाव व्हटापतूर येतं आनि तिथंच थांबतं. देव तुमच्या लेकराबाळाला सुखात ठिवो. माझ्या तोंडून ते नाव निघंल का न्हाई, ते सोमवारीच कळंल.