तिसरा सरू दे!

...आणि वर मलाच विचारतात, "बाई, तोंड का हो उतरलं?" आता तुम्हीच सांगा, सकाळपासून पाच वेळा ओकलेल्या बाईचं तोंड कुठं असायला पाहिजे? तुम्ही काही आमच्या गावच्या नाही म्हणून तुम्हाला सांगते, एरवी मला सांगायची बंदी आहे! पाळी चुकून बारा दिवस झाले तेव्हा मी आनंदानं जाऊन आत्याबाईंच्या कानात सांगितलं, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, नागुबाई, तर त्यांनी आधी दार लावलं, मग खिडकी लावली, मग मांजराला बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "कुणाला बोलली तर न्हाईस? बोलू नगंस. तिसरा सरू दे!"

मी म्हटलं, "आत्याबाई, ही अंधश्रद्धा आहे. नजर लागते वगैरे..."

"नजर कोण मानतंय? आपण समदं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवाच सोडलं," म्हणाल्या, "पण तिसरा सरू दे!"

बोला! याच्यावर बडोद्याच्या कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? चार वर्षं बडोद्याला समाजकार्य शिकले मी, बिलोलीच्या बाजूची मुलगी, तीन गाड्या बदलत जायची आणि तीन गाड्या बदलत यायची, परत आले तेव्हा ट्रंकेत कपडे कमी आणि संकल्प जास्त! लग्नसुद्धा मराठवाड्यातच राहायचं म्हणून केलं. देवणीच्या अलीकडचं हे गाव, आणि नवरा श्रीमंत, नावाचाच हो, मास्तर आहे, नोकरी तिकडं हदगावला, महिन्यातून एकदा येतो, दोन दिवस राहतो, आणि त्याच्या डोक्याच्या तेलाच्या वासानं मी दोन्ही दिवस मोरीत!

आणि हा लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा? आठवतंय ना? ना धड कचेऱ्या, ना खुर्च्या, पाट्यांचा रंग ओला, तरी गावोगाव फटाके, पेढे, बँड! मी म्हटलं, आत्याबाई, अख्खा जिल्हा पहिल्याच दिवशी जाहीर केलात, आणि माझं एवढंसं... "जिल्ह्याला काय व्हतंय? तिसरा सरू दे!"

बरं, लपवायचं म्हणजे कसं लपवायचं? पाऊस दोन वर्षं नाही, विहिरीत वाकून बघितलं तर दगड वर बघतात, सगळं गाव टँकरवर, आणि त्या टँकरच्या पाण्याला डिझेलचा असा वास, तुम्हाला सांगते, हंडा दारातून आत आला की माझं पोट वर यायचं. ओकलं की चूळ भरायला पाणी, तोंड धुवायला पाणी, मोरीत टाकायला पाणी, म्हणजे पाण्याच्या वासानं ओकायचं आणि ओकल्यामुळं पाणी संपवायचं! डोहाळेसुद्धा कसले, तर तापल्या अंगणात सडा घातल्यावर जो वास येतो ना, त्याचे! चिंच मागितली असती तर कुणी आणून दिली असती, सडा कुठून आणणार?

मग विचारलं कुणी तर काय सांगायचं? आत्याबाईंनी पढवलेलं, "पित्त झालंय म्हन." मी म्हणायची, पित्त. रांगेतल्या बायका लगेच गंभीर. एक म्हणते, आमसुलाचं पाणी घ्या. दुसरी म्हणते, सुंठ चाटा. आणि ती शिवम्मा, बिदरकडची, तिच्या तोंडात अर्धं कानडी, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "यव्वा! पित्त लई वंगाळ बगा. मला चार बार झालं. दोन पोरं, दोन पोरी!"

सगळ्या दुसरीकडं बघतात. एकसुद्धा हसत नाही. अशा बायका तुम्ही कुठं बघितल्या का?

पण आता मूळ दुखणं सांगते, ते पित्ताचं नाही. ते माझंच आहे, माझ्याच हातानं केलेलं. त्याचं असं झालं, टँकर आधी गुरुपादप्पा मालकांच्या दारात थांबायचा. त्यांचे गडी बैलगाडीवर टिपाडं घेऊन उभेच, आणि आमच्या गल्लीपर्यंत येईस्तोवर टँकरमध्ये उरायचा फक्त वास. मी काय ऐकणार आहे? भांडले, अर्ज केले, या कचेरीतून त्या कचेरीत, शेवटी टँकर शाळेपुढं आणला. एकच रांग! आमची गल्ली, त्यांची गल्ली, सगळ्या एका रांगेत, कुणाच्या पदराला कुणाचा पदर लागला तरी चालेल! आणि शाळेचा फळा बाहेर आणून त्यावर स्वतःच्या हातानं, पहिलीच्या पोरांना वाचता यावं अशा अक्षरात नियम लिहिला. जी रांगेत उभी, तिला घागर. जी येणार नाही, तिनं कारण सांगायचं, सगळ्यांसमोर. गडी नाही, गाडी नाही, नुसतं 'तिची मी नेते' नाही.

पुरुषांचं काय म्हणता? अहो, आमच्याकडं बाप्या माणूस घागरीपाशी येतो तो फक्त तांब्या बुडवायला!

नियम चांगला चालला. आत्याबाईंचा गुडघा गेलेला, त्यांचं कारण मी स्वतः सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आदर्श नको का घालून द्यायला? आणि मग एक दिवस, तेव्हा माझं अजून काही नव्हतं, फाल्गुनातली गोष्ट, धुरपताबाई आल्या. धुरपताबाई म्हणजे शेषेरावांच्या मालकीणबाई, मोठं घर, मोठा आवाज. पण त्या दिवशी आवाज बारीक. "मास्तरीणबाई, आज आमची तारामती येत न्हाई. सुनंची घागर मीच नेते."

मी म्हटलं, "कारण?"

"हाय कारण."

"काय कारण?"

"हाय म्हणले न्हव का!"

झालं! मला स्फुरण चढलं. मी म्हटलं, "धुरपताबाई, आज तुमचं नुसतं 'हाय' चालवलं, तर उद्या मालकांच्या वाड्यातल्या अकरा जणींचं 'हाय' येईल! लोकशाहीत कारण उघड असतं!" टाळ्या पडल्या हो! धुरपताबाई तशाच गेल्या. थोड्या वेळानं तारामती आली, डोक्यावर पदर, खाली मान, घागर भरली, उचलली, गेली. रोज यायला लागली. मला काय वाटलं सांगू? जिंकले असं वाटलं.

नंतर मध्येच ती आठवडाभर दिसली नाही. धुरपताबाईंनी तिची घागरही मागितली नाही. परत आली ती हळदीसारखी पिवळी. मी विचारलं, "आजारी होतीस?" "हाव." "काय झालं होतं?" "काई न्हाई." तर मी तिला, तुम्हाला सांगते, मी तिला म्हटलं, पालेभाज्या खात जा. दुष्काळात! पालेभाज्या!

...असो. पुढं ऐका.

वैशाख. मला सव्वादोन महिने झालेले. दुसरी घागर आणून उतरवली आणि आत गेले, तर डाग. एवढासा. नखाएवढा. आत्याबाईंना दाखवला. मला वाटलं आता आरडाओरडा करतील. त्या खाली बसल्या, गुडघा दुमडत नाही तरी बसल्या, आणि म्हणाल्या, "माझे दोन गेले. श्रीमंतच्या आदी. पयल्या बारीला मी येडी, समद्या गावाला सांगून बसले. मग गेलं तवा जी ती दारात, काय झालं गं, कसं झालं गं, काय उचललंस का गं. सांगायचं येकदा, अन् लोकं वरीसभर इचारतेत. म्हणून सांगते पोरी, तिसरा सरू दे."

अशी मी बसले होते, हातात ते लुगड्याचं फडकं, आणि माझ्या डोक्यात एकदम ती पिवळी तारामती उभी राहिली. 'हाय कारण.' 'हाय म्हणले न्हव का.' अहो, काय कारण होतं ते मला आता कळलं! बडोद्यात चार वर्षं घालवून, आता!

उदगीरला डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी तपासलं, म्हणाल्या, "बाळ आहे. पण झोपून राहायचं. वजन उचलायचं नाही, घागर तर अजिबातच नाही." मी विचारलं, "अर्धी?" त्यांनी चष्म्यावरून असं बघितलं, की मी पाव घागरीचं विचारलंच नाही. मग हळूच विचारलं, "डॉक्टर, ओझं उचलून... जातं का हो?" म्हणाल्या, "पुष्कळदा आपसूक जातं, कशानं गेलं सांगता येत नाही." त्यांना नसेल येत. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?

दुसऱ्या दिवशी घरात पाणी तांब्याभर. आत्याबाईंना चालवत नाही, नवरा हदगावात, मी झोपून राहायची, आणि शेजारणीला सांगावं तर नियम! कुणाचा? माझा! शेवटी मीच हळूहळू, पाय मोजत, शाळेपुढं गेले. रिकाम्या हातानं.

शिवम्मा म्हणाली, "मास्तरीणबाई, घागर कुटाय?"

मी म्हटलं, "आज मी... नेणार नाही. पण घरी पाणी पाहिजे."

मग मागून कुणीतरी, अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच तोऱ्यात, "कारण सांगा की मग! लोकशाही हाय!" खसखस पिकली. फळ्यावर माझं अक्षर, टपोरं. मी तोंड उघडलं. तुम्हाला सांगते, चारशे माणसांच्या सभेत मी कधी अडखळले नाही, पण त्या बायकांसमोर तोंड उघडलं आणि परत मिटलं. सांगितलं आणि उद्या गेलं तर? ह्या सगळ्या दारात येतील, काय झालं गं, कसं झालं गं...

धुरपताबाई रांग सोडून माझ्याकडं यायला लागल्या. मी मनात म्हटलं, ये बाई, बोल, तुझा हक्क आहे. त्या माझ्या पुढून गेल्या, फळ्यापाशी थांबल्या, पदराचा शेव आपल्या घागरीत बुडवला, आणि 'कारण'पासून 'सगळ्यांसमोर'पर्यंतची ओळ पुसून काढली. त्यांना वाचता येत नाही. कुठली ओळ ते बरोबर माहीत होतं.

"आईका गं," म्हणाल्या, "आजपून कारण न्हाई. जिला जमंना तिच्या घरचा बाप्या यील. गडी न्हाई, घरचा बाप्या. अन् कुणी कारण इचारलं तर गाठ माझ्याशी हाय."

मी पुटपुटले, "पण मास्तर तर हदगावात..."

"मग आमचे मालक हायत की. बसूनच राहिलेत."

मी म्हटलं, "धुरपताबाई, तारामतीचं मला तेव्हा..."

"गप," म्हणाल्या. एवढंच. "निजा जाऊन."

आणि खरंच आले हो शेषेराव! पांढरं धोतर, पिळलेल्या मिशा, खांद्यावर घागर, सवय नसल्यामुळं अर्धं पाणी अंगावर, आमच्या गल्लीत! दारात उभे राहून खाकरले. आत्याबाई बाहेर आल्या आणि भिंतीला धरून उभ्याच राहिल्या. ह्यांच्याच घराच्या विहिरीवर त्यांनी तरुणपणी लांब उभं राहून ओंजळ पुढं केलेली, कुणीतरी वरून ओतेस्तोवर. शेषेराव म्हणाले, "कुटं ठिवू?" आत्याबाईंना घरात घागर कुठं ठेवतात तेच आठवेना!

मी खाटेवर पडून. डाग थांबला. दिवस जात होते, खिडकीतून टँकर दिसायचा, आणि रांगेत काय बघते? तिसऱ्या दिवशी तारामतीचा नवरा. पाचव्या दिवशी शिवम्माचा. आठवड्यात सतरा बाप्ये! कुणाचं धोतर भिजलंय, कुणी चुंबळ डोळ्यावर घेतलीय, एकजण तर दुसऱ्याला विचारतोय, "तुमच्यात काय कारण हाय?" तो म्हणतो, "काय की बा. इचारू नका म्हणली." आणि बायका? पारावर बसून गप्पा! साठीच्या धुरपताबाईंचं काय कारण असेल, विचारायची छाती आहे कुणाची?

मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरडी, आणि एकदाचा सरला हो तिसरा! मी आत्याबाईंपुढं उभी राहिले. त्या हसल्या. म्हणाल्या, "जा, सांग आता." मी नवं पातळ नेसले, पारावर गेले, आणि म्हटलं, "बायांनो, एक गोष्ट सांगायची आहे..."

धुरपताबाईंनी माझा हात धरून खालीच बसवलं. "येड लागलं का? तुमी कारण सांगितलं, तर उद्या आमच्या मालकालाबी कारण सांगाया पायजे का न्हाई? सतरा जणींनी कुटनं आणायचं?"

मी म्हटलं, "अहो, पण आता दिसायला लागेल!"

शिवम्मा म्हणाली, "दिसू द्या की. दिसतंय त्याला कोण इचारतंय?"

तारामती माझ्या शेजारी बसली होती. ती पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसली, आणि पदराआडून माझ्या हातात एक खारवलेला आवळा ठेवला. मग मी कशी बोलणार, तुम्ही सांगा?

आज पाचवा. पोट टोपलीएवढं. सकाळी टँकरपाशी नर्सबाई आल्या, नीलम्मा, गावोगाव फिरून गरोदर बायांची नावं लिहितात. सायकल लावली, वही उघडली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! कितवा?"

आणि अख्खी रांग, बाप्यांसकट, एका आवाजात ओरडली, "पोटात वात धरलाय!"

नर्सबाई माझ्याकडं बघायला लागल्या. काय करणार? ढेकर दिला.