आमच्यात असं कधी झालं नाही

हो, मीच सांगितलं — डॉक्टरीणबाईंना, तुमच्या विहीणबाईंच्या देखत, चांगलं मोठ्यांदा. आवाज चढवू नका आई, हे लॉन्ड्रीचं दुकान आहे, गिऱ्हाइकं येतात. तुम्ही बसा नाहीतर उभ्या राहा, मी आपली बसूनच इस्त्री करणार. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणता? आणि माझी कुठे नेली होतीत? माझी पोर सातव्यातच आली, काचेच्या पेटीत जेमतेम दोन दिवस धुगधुगली नि गेली — तेव्हा आल्यागेल्याला काय सांगत होतात? सून दिवसभर इस्त्रीला उभी असते, धड जेवत नाही, चहावर चहा ढोसते, हिनंच घालवलं. वर 'आमच्यात असं कधी झालं नाही' — माझ्या तोंडावर! उभं राहणं वाईटच, डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या, पण मला बसू कोण देत होतं? तुमचा लेक माझ्या उशाशी सिगारेटी फुंकायचा, त्याला एकदा तरी हटकलंत? छे! मुलगा ना तो.

आणि काल नणंदबाईंना सातव्यात कळा लागल्या, तर त्यांच्या सासूनं तेच तुणतुणं लावलं — हिचंच वागणं नडलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईच्या बाळंतपणात असं काही झालं होतं का? तुम्ही नाही म्हणालात. पोटची पोर आत विव्हळतेय आणि तुम्ही नाही म्हणालात! मग मी बोलले. तुमच्या जाऊबाईंनीच सांगितलंय मला — तुमची दोन्ही मुलं अपुऱ्या दिवसांची, आणि त्याआधीचं एक हाती लागलंच नाही. विहीणबाईंनी तुमच्याकडे कसं बघितलं! मी डोळे भरून पाहून घेतलं. नणंदबाईंसाठी बोलले असं म्हटलं तर शोभून दिसेल, पण नाही — तुमची मान खाली गेलेली बघायची होती मला. नात वाचली तुमची, रडलीसुद्धा. आनंद झाला हो मला... आणि संतापही आला. माझी का नाही रडली?

स्टुलाकडे काय बघताय? पाय दुखतात म्हणून — नाही, पाय कसले. पाचवा महिना लागलाय. डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातलाय, उभं राहायचं नाही म्हणाल्या. म्हणून तर माहेरी राहायला गेले, तुम्हाला काय वाटलं, रुसून? तुमच्या लेकाला सगळं ठाऊक आहे, सिगारेट सोडलीय त्यानं. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मी — आणि पाळली त्यानं, आईपासून लपवून ठेवलं. लागलं ना? लागू दे.

अंहं, पोटाला हात नका लावू. पदरानं डोळे पुसा आणि वाट सोडा, मागे गिऱ्हाईक खोळंबलंय.