सोमवारची उत्तरं

(मेंदूच्या स्कॅनच्या खोलीबाहेरची बाकडी. वायरमनची बायको आत नर्सपाशी कानातलं काढून देते आहे.)

संशोधक : काका, आज मंगळवार. काकूंनी सोमवार सांगितला. तारीखही कालचीच.

वायरमन : होतं की असं. माझंही चुकतं.

संशोधक : आणि लक्षात ठेवायचे पाच शब्द मी सांगायच्या आधीच त्यांनी घडाघडा म्हणून दाखवले. मागच्या खेपेला नमुना म्हणून मी तेच शब्द सांगितले, तेव्हा तुम्ही शेजारी बसला होतात.

वायरमन : तुमचं मशीन काल बंद पडलं, मॅडम. नाहीतर बोलावणं कालचंच होतं.

संशोधक : म्हणजे पाठ करून घेतलंत.

वायरमन : पंधरा दिवस. सकाळ-संध्याकाळ.

संशोधक : पण का? हा अभ्यास स्मरणशक्ती धड असलेल्यांचा आहे. मेंदूतल्या तंतूंवर आवरण असतं, मायलिन. नुसत्या वयानं ते किती झिजतं, ते आम्ही मोजतो. त्याच्याशी ताडून पुढं आजार लवकर ओळखता येईल. काकूंचं माप त्यात धरलं, तर सगळंच चुकेल.

वायरमन : आवरण गेल्यावर काय होतं ते मला नका सांगू. चाळीस वर्षं वायरमन होतो. उघडी वायर दिसली की आम्ही निदान टेप तरी लावतो.

संशोधक : आमच्याकडे टेप नाही, काका. आम्ही फक्त बघतो.

वायरमन : मग बघा तरी. मोठ्या डॉक्टरांनी फाइल मिटली, म्हणाले, आता सांभाळून घ्या. परवा जिन्यात बसून राहिली होती दोन तास. आपलं दार कुठलं तेच कळेना. हात जोडतो तुम्हाला. किती उरलंय, तेवढं सांगा.

संशोधक : चित्रावरून ते सांगता येत नाही. तुमच्याशी खोटं नाही बोलणार मी.

वायरमन : मग आजारी माणसांत घाला तिला. कुठंही घाला, पण आत घ्या.

संशोधक : तो गट पुढच्या वर्षी सुरू होईल. नाव लिहून ठेवते.

वायरमन : पुढच्या वर्षी.

संशोधक : बसा जरा. पाणी घ्या. अजून काय काय पाठ करून घेतलंत?

वायरमन : वार, तारीख, कितवा मजला, ते पाच शब्द. आणि माझं नाव.

संशोधक : नवऱ्याचं नाव आम्ही विचारत नाही, काका.

वायरमन : माहीत आहे मला.