कल्पनाचं संगीत मला उशिरा ऐकू आलं

विनायकराव, ईशा, कल्पनाचे आईबाबा, जोह्याहून आलेली सगळी मंडळी, धाटावच्या कंपनीतले तिचे सोबती, आणि रोहेकरांनो,

मी पेणहून आलोय. शाळेत संगीत शिकवायचो. आयुष्यभर माईकसमोर उभा राहिलो. मला ऐकायला कमी येतं, त्यामुळे बोलता बोलता आवाज चढतो. चढला तर कुणीतरी हाताने खूण करा. कल्पना तसंच करायची.

तिला जाऊन बारा दिवस झाले. एक्केचाळीस वर्षांची होती. हे वय माझ्यासारख्या म्हाताऱ्याने तिच्यावर बोलण्याचं आहे का? विनायकराव म्हणाले, "सर, तुम्हीच बोला, तिला आवडलं असतं." म्हणून उभा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण तिला कंपनीतली टेक्निशियन म्हणून ओळखतात. टाक्यांमधलं तापमान, दाब दाखवणारी यंत्रं सांभाळणारी. पण घरी ती इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायची, हे कितीजणांना ठाऊक होतं? आणि ठाऊक होतं त्यांना ते कळलं होतं का? मला नव्हतं कळलं. संगीताचा मास्तर असून नव्हतं कळलं. आज तेच सांगायला आलोय.

ती सातवीत माझ्याकडे आली. जोह्याहून एसटीने यायची. घरी गणपतीचं काम, त्यामुळे नखांत कायम शाडू. गळा बेताचाच. पण प्रश्न! "सर, पेटीत सूर कुठं असतो?" मी म्हणायचो, "गप गो, आधी सा लाव." एकदा मधल्या सुट्टीत आलो, तर हिने शाळेची पेटी उघडून बाकावर मांडलेली. मी असा ओरडलो, की शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या. कल्पना रडली नाही. खाली मान घालून तिने पेटी जोडली. त्या पेटीचा पंचम दोन वर्षं मुका होता. जोडल्यावर तो वाजला. मी शाबासकी दिली नाही. ओरडलो होतो ना, मग कशी देणार?

पुढे ती डिप्लोमा करून धाटावला लागली, विनायकरावांशी लग्न होऊन रोह्यात आली. आमची गाठ पडेना. सहा वर्षांपूर्वी आमच्या पेणच्या संगीत मंडळाने स्थानिक कलाकारांचा कार्यक्रम ठेवला. अध्यक्ष मी. त्यात कल्पनाचं नाव बघून मला आनंद झाला. वाटलं, पेटी वाजवेल. तिने टेबल मांडलं. त्यावर बटणांचा एक डबा, ढीगभर वायरी. वीस मिनिटं वाजवलं. मला ऐकू आली ती धडधड. तीच तीच, तीच तीच.

मग मी माईकवर गेलो. काय बोललो, ते जसंच्या तसं सांगतो. म्हणालो, "बटण दाबलं की वाजतं, त्याला रियाज कशाला लागतो? उद्या मिक्सरचीही मैफल ठेवू." लोक हसले. टाळ्याही पडल्या. कल्पना कोपऱ्यात वायरी गुंडाळत होती. तिची लेक ईशा तिच्याजवळ उभी होती, तेव्हा नऊ वर्षांची. ईशाने माझ्याकडे बघितलं. बेटा, ते बघणं मी विसरलो नाही.

पुढच्या रविवारी कल्पना माझ्या दारात. खांद्याला जाड पिशवी.

"सर, मी भांडायला नाय आले. अर्धा तास द्या फक्त."

तिने तो डबा माझ्या पेटीशेजारी ठेवला आणि एक सूर लावला. साधा, गोल सूर. म्हणाली, "बघा सर, याला काय बी नाय. लाकूड नाय, कातडं नाय, माणसाचा गळा नाय. नुसती वीज हाय. आता याला आवाज कसला द्यायचा, ते मला ठरवायचंय." मग त्याच्यावर दुसरा सूर चढवला, तिसरा चढवला, आणि एक बटण हळूहळू फिरवत त्यातला काही भाग काढून टाकू लागली. "बाबा मूर्तीच्या अंगावरची जास्तीची माती काढतात ना, तसं." आवाज आधी भसाडा होता, मग सनईसारखा झाला, मग कुठल्याच वाद्यासारखा राहिला नाही. पण कानाला धरून राहिला.

मी म्हटलं, "अगं, पण तेच तेच किती वेळ?"

ती हसली. "सर, भजनात तुम्ही एक ओळ वीस वेळा घेता. विसाव्या वेळेला ती पहिल्यासारखीच असते काय?"

मंडळी, आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक म्हटलं की लोकांना मिरवणुकीतला डीजे आठवतो. तिलाही शेजारी डीजेवाली म्हणायचे. ती चिडायची नाही. म्हणायची, "डीजे झालेलं गाणं लावतो. मी आवाजच बनवते. त्याला बी मेहनत हाय, मला बी हाय."

मग तिने विचारलं, "सर, त्या दिवशी वरच्या अंगाला बारीक घंटा ठेवल्या होत्या. सगळा जीव त्यात होता. त्या पण नाय आवडल्या?"

मी म्हणालो, "कुठल्या घंटा?"

 तिने डब्यावर एक सूर लावला आणि तो वर वर नेऊ लागली. "बंद झाला की सांगा." मी थोड्या वेळाने म्हटलं, "झाला बंद." तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझी बायको सुमन ओरडली, "अहो, पुरे करा की! कान किटले."

सूर चालूच होता.

तेव्हा मला कळलं. तानपुऱ्याचा वरचा बारीक झंकार कित्येक वर्षं मला ऐकू येत नव्हता, आणि माझी समजूत अशी, की हल्लीच्या तानपुऱ्यांत दम राहिला नाही. मी स्पर्धांना परीक्षक म्हणून बसत होतो. मुलांना नंबर देत होतो. आणि हिचं अर्धंच संगीत ऐकून भर सभेत हिची टिंगल केली होती.

मी काय केलं? मी तिला म्हणालो, "जा तू." एवढंच. ती पिशवी उचलून गेली. त्या दिवशीचं कुणाला बोलली नाही. विनायकरावांनाही नाही. आत्ता त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. सहा वर्षं तिने तिच्या मास्तराची लाज झाकून ठेवली.

पंधरा दिवसांनी ती परत आली. मला पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मशीन मिळालं. पण मशीनमधून पेटी ऐकली की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं व्हायचं. मी पेटीला कुलूप लावलं. भजनाला जाणं सोडलं. घरात नुसता बसून राहायचो. सुमनशीही बोलेनासा झालो.

कल्पना मात्र येत राहिली. सुट्टीच्या दिवशी, रोह्याहून गाडीने. वाटेतलं कासू स्टेशन मागे पडलं की फोन, "सर, चहा ठेवा." आली की एकेक सूर लावायची, विचारायची, "हा येतो? हा येतो? कसा येतो, गोड की कडू?" आणि वहीत लिहायची. मी वैतागायचो. ती म्हणायची, "बसा हो सर, अजून चार." चार-पाच महिने हे चाललं. शिफ्ट करून, घर करून, लेकीचा अभ्यास घेऊन.

एका रविवारी ती मोठा स्पीकर घेऊन आली. विनायकराव, तो उचलून आणायला तुम्हीही होतात. स्पीकर लाकडी पलंगाला टेकवून ठेवला. मला म्हणाली, "सर, मशीन काढा. पलंगावर बसा. काकी, तुम्ही बी बसा."

मी मशीन काढलं. ती वाजवू लागली.

खालून, पलंगाच्या लाकडातून, एक घुमणारा आवाज आला. तो कंपनीतल्या पंपाचा होता. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणून शिफ्ट सुटल्यावर तो सूर तोंडाने गुणगुणत ती स्कूटरवरून घरी आली होती, विसरू नये म्हणून, आणि घरी डब्यावर तो पुन्हा घडवला होता. त्याच्यावर थप, थप. जोह्याच्या घरी तिची आई शाडूचा गोळा थापटते, तो. मग एक सूर, माझ्या कानांना झेपेल तेवढ्याच उंचीचा, आणि त्याच्या भोवती फिरणारे दुसरे. तिने सगळं संगीत माझ्या उरलेल्या कानांच्या मापाचं केलं होतं. जे मला ऐकू येत नाही, असं त्यात काहीच नव्हतं.

मंडळी, मी सुमनकडे बघितलं. ती डोळे मिटून मान हलवत होती. ज्या ठिकाणी तिची मान हलत होती, त्याच ठिकाणी माझीही. किती वर्षांनी आम्ही दोघं एकच ऐकत होतो! अकरा मिनिटांची चीज होती. संपल्यावर सुमन म्हणाली, "गो कल्पना, परत लाव." 

आठवड्याभराने मी पेटीचं कुलूप काढलं. खालच्या सप्तकात वाजवतो. तेवढं पुरतं मला.

माफी मागायची राहिली. म्हणजे घरी मागितली होती. ती म्हणाली, "सोडा ना सर." पण टिंगल माईकवर केली होती, माफीही माईकवरच मागायला हवी होती. इतकी वर्षं धीर झाला नाही; शेवटी मंडळाच्या यंदाच्या कार्यक्रमात मागू, असं ठरवलं होतं. कार्यक्रम पुढे गेला. ती आजारी पडली. तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. म्हणून आज, तिच्या माणसांसमोर, तिच्या लेकीसमोर सांगतो. कल्पना कलावंत होती. तिचा रियाज माझ्यापेक्षा कडक होता. मी बोललो ते चूक होतं. ते मी परत घेतो.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा ती फार बोलत नव्हती. उशाशी मॉनिटर टूं टूं वाजत होता. मला खुणेने जवळ बोलावून म्हणाली, "सर, हा कुठल्या सुरात वाजतो?" मी कान लावला, म्हटलं, "गंधार." ती हसली. म्हणाली, "नाय सर. जरा उतरलाय." आणि खरंच उतरलेला होता.

कल्पना, बाई, तुझ्या मास्तराचा तुला वाकून नमस्कार.

आता आपण शांत बसू या. किती मिनिटं, ते मी सांगणार नाही. ईशा इथे पुढेच बसलीय. बेटा, घाई नाही. तू मान हलवलीस, की आम्ही उठू.